गिटारचा तडकलेला हेडस्टॉक

प्रश्न : मुलीची स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार स्टँडवरून पडली. नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, नेकच्या (दांडीच्या) पाठीमागच्या बाजूला तिरकी चीर गेली आहे. हेडस्टॉक (खुंट्या असलेला वरचा भाग) मात्र निखळलेला नाही. दुकानदार नवीन गिटार घ्यायला सांगतात. घरीच फेविकॉल लावून, क्लॅम्प आवळून ती जोडता येईल का, की मिरजेच्या सतारमेकरांकडे न्यावी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गिटार टाकून देऊ नका, ती दुरुस्त होण्यासारखी आहे. तारा अजून चढवलेल्या असतील तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी त्या सैल करा. स्टीलच्या लाइट गेज, म्हणजे बारीक तारांच्या संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलोच्या घरात असतो आणि तो हेडस्टॉकला पुढे ओढत असल्याने मागची चीर सतत उघडत राहते.

नेक याच ठिकाणी तडकण्याला कारणे आहेत. तिथे ती सर्वांत बारीक असते, ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली लोखंडी सळई) आवळण्याच्या नटसाठी आतून कोरलेली असते आणि एकाच लाकडातून हेडस्टॉक मागे कलता कापलेला असेल, तर लाकडाचे उभे रेषे तिथे तुटून आखूड होतात. तारा सैल केल्यावर हेडस्टॉक हलक्या हाताने मागे दाबून पाहा. चीर लांब व तिरकी असेल आणि तिच्या कडा एकमेकींत बसून रेघ जवळजवळ दिसेनाशी होत असेल, तर नुसता गोंद पुरेसा आहे, कारण जोडाला भरपूर पृष्ठभाग मिळतो. चीर आखूड आणि आडवी असेल, तर मात्र मागच्या बाजूने कठीण लाकडाच्या उभ्या पट्ट्या बसवाव्या लागतात आणि ते काम घरी करण्याचे नाही.

नेहमीचा पांढरा फेविकॉल मी वापरणार नाही. तो सुकल्यावर कठीण वाटला तरी कायमच्या ताणाखाली अगदी सावकाश सरकतो. जोड पुन्हा उघडला, की जुना गोंद प्यायलेल्या लाकडाला नवा गोंद नीट धरत नाही, म्हणून पहिला जोडच काळजीपूर्वक करायला हवा. फेविक्विकसारखा गोंद तर चीर पूर्ण मिटण्याआधीच पकडतो. टाइटबाँड ओरिजिनलसारखा पिवळा गोंद किंवा ताजा, गरम केलेला सरस घ्यावा.

आधी गोंद न लावता क्लॅम्प आवळून पाहा, कारण गोंद लावल्यावर ठोकळे शोधत बसायला वेळ नसतो. नेकच्या गोलाईला बसेल असा, बूच किंवा चामडे लावलेला ठोकळा मागे ठेवा आणि मध्ये मेणकागद घाला. ट्रस रॉडचे झाकण काढून रॉडला थोडे मेण लावा, म्हणजे तो गोंदात अडकणार नाही. मग चीर किंचितच उघडून सिरिंजने गोंद सोडा आणि हेडस्टॉक अगदी थोडा मागेपुढे हलवा. त्या हालचालीने गोंद आत ओढला जातो. क्लॅम्प आवळताना चिरेच्या पूर्ण लांबीभर गोंदाचे बारीक थेंब बाहेर आले, की तो तळापर्यंत पोहोचला असे समजावे. एखाद्या ठिकाणी थेंब दिसले नाहीत, तर तिथे पुन्हा गोंद सोडावा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. क्लॅम्प २४ तास ठेवा. तारा चढवायला मी आठवडाभर थांबेन. पुढेही गिटार उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका, कारण हे दोन्ही गोंद उष्णतेने मऊ पडतात.

मिरजेला नेण्याचा विचार योग्यच आहे. शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या तिथल्या तंतुवाद्यनिर्मितीला, सतार आणि तानपुऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि लाकूड जोडण्याची अशी पिढीजात जाण सहजी मिळत नाही. फक्त सतारीच्या दांडीत ट्रस रॉड नसतो, तेव्हा गिटारच्या नेकमध्ये लोखंडी रॉड असल्याचे कारागिरांना आधीच सांगा. आणि नेण्यापूर्वी चिरेत काहीही भरू नका. लाकडाचा एखादा तुकडा किंवा ढलपी निघाली असेल, तर ती पाकिटात घालून सोबत द्या.