क्रीमच्या डबीमागची घटकांची यादी कशी वाचायची?

तुमचा प्रश्न असा आहे की डबीमागे पंचवीस-तीस अगम्य नावं असतात, त्यातलं कामाचं काय, घातक काय, आणि ती वाचायची तरी कशी. मी चार वर्षं क्रीम-लोशन बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. डॉक्टर नाही, त्यामुळे त्वचेचा काही आजार असेल तर माझं नको, त्वचारोगतज्ज्ञाचं ऐका. पण यादी वाचायला नक्की शिकवू शकते.

सुरुवात क्रमापासून. जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी, असा नियम. मात्र १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक कंपनीने हव्या त्या क्रमाने लिहिले तरी चालतात. सगळी गंमत इथेच आहे.

समजा एका क्रीमवर पुढे मोठ्ठं गुलाबाचं फूल छापलंय. मागची यादी अशी: अ‍ॅक्वा (म्हणजे पाणी), ग्लिसरीन, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सेटिअरिल अल्कोहोल, नियासिनामाइड, डायमेथिकोन, ग्लिसरिल स्टिअरेट, फेनॉक्सीइथेनॉल, रोझा डमास्केना फुलांचा अर्क, सोडियम हायल्युरोनेट, कार्बोमर, परफ्युम, लिनालूल, सोडियम हायड्रॉक्साइड.

आता यात फेनॉक्सीइथेनॉल शोधा. हे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात आणि युरोपसह बऱ्याच ठिकाणी त्याची मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे त्याच्या नंतर जे काही येतं ते १ टक्क्याच्या आतलंच. बिचारा गुलाब तिथे बसलाय! त्याच्या आधीचं सगळं १ टक्क्याच्या वरचंच असेल असं मात्र धरू नका, कारण खालच्यांना वर सरकवायची मुभा आहे. आम्ही असे अर्क थेंबांनी मोजून घालायचो, आणि त्या अर्कातही बहुतेक भाग पाणी नाहीतर ग्लिसरीनच असायचा.

पण नंतर आलं म्हणजे निरुपयोगी, असंही नाही. सोडियम हायल्युरोनेट हा ओलावा धरून ठेवणाऱ्या हायल्युरॉनिक आम्लाचाच क्षार. त्यातल्या मोठ्या रेणूंच्या प्रकाराचं नुसतं १ टक्क्याचं द्रावण केलं तरी काकवीसारखं तार धरतं, त्यामुळे ते तुम्हाला यादीत खालीच दिसणार.

शेवटचं सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे चक्क कॉस्टिक सोडा. ते वाचून लोक डबी टाकून देतात. पण ते घालतात कार्बोमरसाठी, म्हणजे क्रीम घट्ट करणाऱ्या पावडरीसाठी. कार्बोमर पाण्यात भिजवला की पांढुरकं, पातळ, ओशाळवाणं पाणी दिसतं. त्यात सोड्याच्या द्रावणाचे थोडे थेंब टाकून ढवळलं की डोळ्यांदेखत काचेसारखं जेल आळतं. कार्बोमर आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी, दोघं एकमेकांना शमवतात आणि तयार क्रीममध्ये मोकळा सोडा उरत नाही. मला हे काम इतकं आवडायचं की दुसऱ्याची पाळी असली तरी मी जाऊन उभी राहायचे.

तसंच सेटिअरिल अल्कोहोल. नावात अल्कोहोल, पण हातात घेतलं तर मेणाच्या पांढऱ्या चकत्या. त्वचा कोरडी करणारं ते ‘अल्कोहोल डिनॅट’, म्हणजे पटकन उडून जाणारं साधं अल्कोहोल. ते पहिल्या तीन-चार नावांत दिसलं आणि तुमची त्वचा आधीच कोरडी असेल, तर ती डबी सोडून द्या.

ओलावा देणाऱ्या क्रीमची कामं तीनच. पाणी ओढून धरणं, वरच्या थरातल्या फटी बुजवणं, आणि वरून झाकण घालणं. पहिल्यासाठी ग्लिसरीन. जाहिरातीत त्याला कोणी विचारत नाही, पण माझ्या मते यादीतलं सगळ्यात प्रामाणिक नाव तेच. फटींसाठी सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी आम्लं. त्वचेच्या वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांत निम्म्याच्या आसपास सेरामाइडच असतात. झाकणासाठी पेट्रोलियम जेली. तिला नाकं मुरडतात, पण त्वचेतून उडून जाणारं पाणी रोखण्यात तिच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे.

आता ज्यांच्या नावावर सीरम खपतात ते घटक. नियासिनामाइड म्हणजे ब३ जीवनसत्त्व. ज्या प्रयोगांवरून त्याचं नाव झालं त्यात ते २ ते ५ टक्के वापरलं होतं, त्यामुळे १० टक्केवालं घेऊन तोंड लाल करून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या छिद्रांत शिरतं, मुरुमांसाठी ०.५ ते २ टक्के. ग्लायकॉलिक पाण्यात विरघळतं, रेणू लहान, वरची मृत त्वचा सैल करतं आणि त्वचा उन्हाला हळवी करतं, म्हणून दिवसा सनस्क्रीन हवंच. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं रूप. त्वचेत त्याचं दोन पायऱ्यांत रेटिनॉइक आम्ल होतं आणि खरं काम ते करतं. रात्रीच लावा, आठवड्यातून दोनदापासून सुरू करा, आणि गर्भारपणात अजिबात नको.

हे सगळं माहीत असूनही मी एकदा ग्लायकॉलिक आणि रेटिनॉल एकाच रात्री लावलं. घाई, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी चुरचुरायला लागलं, नाकाच्या कडेला सालपटं निघाली. सगळं बंद करून तीन आठवडे फक्त सौम्य क्रीम आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, तेव्हा कुठे चेहरा ताळ्यावर आला. एका वेळी एकच नवी गोष्ट, हे मी दुसऱ्यांना सांगत होते बरं का.

‘पॅराबेन घातक का’ असंही तुम्ही विचारलंय. पॅराबेन म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालायचे जुने घटक. माझं मत थोडं वेगळं आहे. २००४ मध्ये स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचा एक अभ्यास आला आणि भीती पसरली. त्यात पॅराबेनमुळे गाठ झाली असं सिद्ध झालेलं नव्हतं, निरोगी भागाशी तुलनाही नव्हती. पण ‘पॅराबेन-फ्री’ खपायला लागलं आणि काही कंपन्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या क्रीम टिकवणाऱ्या दुसऱ्या घटकाकडे वळल्या. त्याने इतक्या लोकांना खाज-पुरळ उठली की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ (अ‍ॅलर्जी उठवणारा घटक) ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपात न धुता ठेवायच्या उत्पादनांत त्याला बंदी आली. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला काय ठरवलं असेल? ‘वर्षाचा बिन-अ‍ॅलर्जन’. पाणी असलेल्या क्रीममध्ये बुरशी धरू नये म्हणून काहीतरी घालावंच लागतं, आणि जुन्या, तपासलेल्या गोष्टीला मी नव्यापेक्षा जास्त मानते.

मला खरी धास्ती वाटते ती ‘परफ्युम’ या एका शब्दाची, कारण त्याआड कित्येक घटक लपू शकतात. लिनालूल, लिमोनिन वगैरे नावं वेगळी लिहिलेली दिसतात ती त्यांची अ‍ॅलर्जी होऊ शकते म्हणून. ती वनस्पतींच्या तेलांतूनही येतात, तेव्हा ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. लिनालूल हवेत राहून जुनं झालं की जास्तच त्रास देतं.

आणि ज्या डबीवर यादीच नाही, पण आठवड्यात उजळपणाची हमी आहे, ती हातात घेऊ नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा तीव्र स्टिरॉइड सापडलेलं आहे. १ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत एक भाग) जास्त पारा असलेली उजळवणारी क्रीम २०२० नंतर बनवायची नाहीत असं पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात ठरलं, तरी ती मिळतातच.

नवी वस्तू आणली की कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. एका दिवसात निकाल लावू नका, अ‍ॅलर्जी उठायला कधी चार-पाच दिवस घेते. काही झालं नाही तर मग तोंडाला.

उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असं दिसेल, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. क जीवनसत्त्वाच्या सीरमबाबत मात्र त्या आकड्याची वाट बघू नका. शुद्ध एस्कॉर्बिक आम्ल हवा लागली की पिवळं, मग चहासारखं तपकिरी होत जातं. तपकिरी झालं की सरळ टाकून द्या.