मेंदूच्या धमनीची भिंत टिपताना

जळगावात ३ टेस्लाच्या एमआरआय मशीनवर रुजू झालास, छान झालं. व्हेसल वॉलची, म्हणजे धमनीची भिंत तपासायची केस आली की आधी टीओएफ अँजिओ (वाहत्या रक्तावरून धमन्या दाखवणारा स्कॅन) काढ, धमनी कुठे अरुंद आहे ते बघ आणि मगच स्लॅब (स्कॅन करायचा पट्टा) लाव. निरोगी भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असते, म्हणून थ्रीडी ब्लॅक ब्लड टी१ मध्ये (यात रक्त काळं दिसतं आणि भिंत उठून दिसते) व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा, तिन्ही बाजूंनी ०.५ ते ०.६ मिमी ठेव. वेळ वाचवायला जाड स्लाइस घेतलीस तर नसलेला जाडपणा दिसतो.

पण खरी लढाई हालचालीशी आहे. चोपड्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या आजींना आधी लघवीला जाऊन येऊ दे. हा ब्लॅक ब्लडचा सीक्वेन्स (स्कॅनचा टप्पा) बरीच मिनिटं चालतो, आवाज मोठा असतो, हे अहिराणीत नीट समजावून सांग. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅड घट्ट बसव. मान अवघडायच्या आत हाच सीक्वेन्स उरक.

कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून देतात त्या औषधाच्या) आधीचा आणि नंतरचा स्कॅन अगदी त्याच सेटिंगवर घे, नाहीतर तुलनाच होत नाही. अरुंद जागेच्या पुढे किंवा ॲन्युरिझममध्ये (धमनीला आलेल्या फुग्यात) रक्त रेंगाळलं तर तेही भिंतीसारखं चकाकतं. तिथे शंका आली तर पेशंट टेबलावर असतानाच रेडिओलॉजिस्टना बोलव.