व्हायोलिन किंवा गिटार फर्निचर पॉलिशने पुसली तर चालेल का?

नको, अजिबात नको. फर्निचर पॉलिशच्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असतं. चकाकी छान येते, पण तो थर सहजासहजी निघत नाही आणि बारीक भेगांतून थेट लाकडात उतरतो. पुढे कधी तडा गेला की त्या जागी ना सरस नीट धरत, ना नवं व्हार्निश.

त्याहून झटपट घात करतं ते अल्कोहोल. व्हायोलिनवरचं स्पिरिट व्हार्निश आणि अनेक क्लासिकल गिटारांवरचं लाखेचं फ्रेंच पॉलिश अल्कोहोलमध्येच विरघळतं. व्हायोलिनच्या गजाला घासतात आणि तारांवर चिकटते ती राळही (म्हणजे रोझिन) त्यातच विरघळते, म्हणून तारा स्पिरिटने पुसायचा मोह होतो. पण एक थेंब खाली सांडला तरी व्हार्निश मऊ पडून डाग उठतो. पुसायच्याच असतील तर कापड जेमतेम ओलसर घ्या आणि तारांखाली दुसरं जाड कापड अंथरा. सॅनिटायझर लावलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय वाद्याला लावू नका, हे तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

रोजच्यासाठी मऊ, कोरडं सुती कापड पुरतं. वाजवून झाल्या झाल्या राळेची पांढरी भुकटी पुसून टाका. राहू दिली तर ती व्हार्निशला घट्ट चिकटते. थर आधीच साचला असेल तर खरवडू नका, वाद्य दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

लेमन ऑइल फक्त पॉलिश नसलेल्या शिसवी किंवा एबनी फिंगरबोर्डवर (तारांखालची, बोटं दाबायची पट्टी), तेही क्वचित, दोन-चार थेंब.