जागा दुसऱ्याची, इमला आपला

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या घरावर मजला चढवण्याचा तुझा बेत कळला आणि ‘घर आमचे आहे, मग जागामालकाला काय विचारायचे?’ हे तुझे वाक्य मनाला खटकत राहिले. घर तुमचेच आहे, यात वाद नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचा इमला दुसऱ्याचा असू शकतो, हे आपला कायदा मानतो. पण त्या इमल्याचे पुढे काय होणार, हे जागेचा भाडेपट्टा ठरवतो. म्हणून कागद आधी, वीट नंतर.

तू महानगरपालिकेच्या कराची पावती पुढे करतोस. तिने कर भरल्याचे सिद्ध होते, जागेवरचा हक्क नव्हे. जागा खासगी आहे की नझूलची, म्हणजे सरकारी, हे नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची नोंद असलेला उतारा, सांगेल. ती तू अजून काढलेली नाहीस, याचा मला राग येतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे पट्टा संपल्यावरही ताबा असेपर्यंत भाडेकरूला आपले बांधकाम काढून नेता येते, मात्र करारात वेगळे ठरलेले नसेल तरच. तुझ्या आजोबांच्या काळी या हक्काला किंमत होती, कारण सागवानी तुळया, कौले, चौकटी उतरवून दुसरीकडे घर उभे करता येत असे. तू टाकणार आहेस तो स्लॅब कुठे उचलून नेशील? मुदत संपल्यावर इमल्याचा मोबदला कोण, कशाच्या आधारे देणार, हे लिहून घे आणि पट्टा नोंदवून घे. वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी लागतेच. कागद आधी, वीट नंतर.

इतवारीतल्या आमच्या घरावर मी मजला चढवला नाही, म्हणून घरच्यांनी मला भित्रा ठरवले. मुले दोन खोल्यांत दाटीवाटीने वाढली, ही खंत आजही आहे. पण जागामालक तोंडाने ‘बांधा हो’ म्हणत होता आणि लिहून द्यायला तयार नव्हता. पुढे त्याने भूभाटक, म्हणजे जागेचे भाडे, घेणेही बंद केले, तेव्हा मी ते मनीऑर्डरने पाठवत राहिलो आणि परत आलेल्या पावत्या जपल्या. त्याच्या वारसांनी दावा लावला, तेव्हा आम्ही भाडे थकवले नाही हे त्या पावत्यांनीच दाखवले. माझा हट्ट योग्यच होता.

गवंड्याला दिलेला विसार तूर्त राहू दे. आखीव पत्रिकेला वेळ लागेल. जुन्या पट्ट्यातले मुदतीचे आणि इमल्याचे कलम मात्र आजच मला पाठव.