वाचक विचारतात : सुपरहिरोचा पोशाख, रंगमंचावर आणि रॅम्पवर

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सुपरहिरोवरचे संगीत नाटक होणार असून वेशभूषा माझ्याकडे आहे. हेच कपडे नंतर फॅशन शोमध्ये मांडायचे आहेत. नायकाच्या पोशाखासाठी विदर्भातले करवतकाठी टसर, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेले रेशीम, वापरावे का?
— फॅशन डिझाइनची एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नायकासाठी वापरू नये, खलनायकासाठी अवश्य वापरावे. टसर ताणले जात नाही, त्यामुळे नायकाने पहिली उडी मारताच ते काखेत उसवेल. त्याच्यासाठी उभे-आडवे दोन्हीकडे ताणले जाणारे लायक्रा घ्यावे आणि ओव्हरलॉक किंवा झिगझॅग शिवण घालावी, कारण साधी सरळ टीप ताणाखाली तुटते. नायक दोरावर लटकणार असेल, तर त्याला हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे) चढवूनच मापे घ्यावीत. मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञ नसल्यास हा मोह टाळावा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या ‘स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क’ या संगीतिकेत डिसेंबर 2010 मध्ये एक कलाकार उंचावरून पडून गंभीर जखमी झाला होता.

त्या संगीतिकेची वेशभूषा जपानच्या एइको इशिओका यांची होती. ‘ड्रॅक्युला’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवलेल्या या कलावतीने नायकाचा लाल-निळा वेश ओळखीचाच ठेवला आणि आपली कल्पनाशक्ती खलनायकांवर मुक्तपणे उधळली. मला हा विवेक फार मोलाचा वाटतो. आपल्या नागपुरातल्या मारबत-बडग्यांच्या भल्यामोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत जशी दुरूनही आकारावरूनच ओळख पटते, तसा खलनायक शेवटच्या रांगेतून ओळखू आला पाहिजे. करवतीचे बारीक दाते तिथून दिसणार नाहीत. म्हणून टसरचा उपयोग खांद्यांसाठी व झग्यासाठी करावा आणि काठावरचे दाते वेगळ्या कापडातून वीतभर मोठे कापून त्यावर जोडावेत.

रॅम्पचे गणित निराळे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2008 मध्ये सुपरहिरो आणि फॅशन या विषयावर प्रदर्शन भरवले होते. त्यात चित्रपटांतील मूळ पोशाखांशेजारी थिएरी म्यूगलर यांच्यासारख्या डिझायनरांचे कपडे होते, आणि त्यांत मूळ वेशाची नक्कल नव्हती, तर चिलखताचा ताठरपणा किंवा दुसऱ्या त्वचेसारखा घट्टपणा यांपैकी एखादाच गुण टोकाला नेलेला होता. तुम्हीही खलनायकाचा केवळ खांदा उचलून त्याभोवती नवा पोशाख रचावा. रंगमंचावरचाच कपडा तिथे नेण्याचा विचार सोडावा, कारण तालमींच्या घामाने आणि ओढाताणीने तो तोवर पार ढिला झालेला असेल.