खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या ट्रेनिंगसाठी एफडी मोडावी का?

पुण्यातल्या धायरीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी नववीत, वय 14. पाच वर्षं क्लबमध्ये खो-खो खेळते, यंदा शाळेच्या संघातून जिल्हा स्पर्धेपर्यंत गेली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला, तेव्हापासून लेकीच्या डोक्यात दुसरं काही नाही. आता बाणेरच्या एका खासगी केंद्रानं तिला ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग’चं, म्हणजे वजनं उचलून ताकद आणि दम वाढवण्याच्या व्यायामाचं, पॅकेज सांगितलं आहे. आठवड्याला तीन दिवस, महिन्याला 9,500 रुपये. वर्षाचे एकदम भरले तर 1,14,000 ऐवजी 96,000. शिवाय प्रोटीन पावडर वगैरे महिन्याला 3,500 ची. घरात दोघांचे मिळून 74,000 येतात. घराचा हप्ता 21,500, घरखर्च 30,000, शाळा-क्लास 6,500, सुकन्या समृद्धीत 3,000 आणि एसआयपी 3,000. बँकेत 2,25,000 ची एफडी आहे. ती मोडावी, सुकन्या थांबवावी, की केंद्र देतंय ते ‘बिनव्याजी’ हप्ते घ्यावेत? आणि सासूबाई म्हणतात, वजनं उचलून पोरीची उंची खुंटेल. ते खरं का?

ताई, सासूबाईंच्या काळजीपासून सुरुवात करतो, कारण ती खरी असती तर पैशाचा प्रश्नच उरला नसता. नीट देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामानं उंची खुंटत नाही. अमेरिकेतली या क्षेत्रातली व्यावसायिक संघटना, एनएससीए, हिनं 2009 मध्ये मुलांच्या वजन-व्यायामाबद्दल भूमिका मांडली. तिचं सार असं, की आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पद्धत नीट बसल्यावरच वजन थोडं थोडं वाढवत केलेला व्यायाम मुलांना सुरक्षितही आहे आणि उपयोगाचाही. दुखापती होतात त्या लक्ष द्यायला कुणी नसताना, किंवा जिममध्ये शेजारच्या मुलाइतकं वजन उचलायच्या ईर्ष्येपोटी. मुलींची उंची झपाट्यानं वाढण्याचं वय साधारण 12 च्या आसपास असतं, म्हणजे तुमच्या लेकीचा तो टप्पा बहुधा सरत आलाय. सासूबाईंना हे शांतपणे सांगा.

आणि हा व्यायाम तिला हवाच आहे. खो-खोत पोरगी चौकात बसते, खो मिळाला की झटक्यात उठून पळते, खांबाला गिरकी मारते, सूर मारते. हे सगळं घोट्यावर आणि गुडघ्यावर येतं. अचानक वळायच्या आणि उड्यांच्या खेळांत गुडघा स्थिर ठेवणारा एसीएल लिगामेंट (अस्थिबंध) तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू मजबूत असणं आणि उडीनंतर पाय नीट टेकवता येणं, यानं तो धोका कमी होतो. म्हणून या खर्चाला मी चैन म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो वर्षाच्या पॅकेजला आणि त्यासाठी एफडी मोडायला.

आधी खरा आकडा पाहू. फी 96,000. पावडर वर्षाला 42,000. धायरी ते बाणेर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. स्कूटरच्या पेट्रोलचे महिन्याला हजारेक, म्हणजे वर्षाला 12,000. बेरीज झाली दीड लाख. कागदावर तुमच्याकडे महिन्याला 10,000 उरतात, आणि हे दीड लाख म्हणजे त्या शिलकीचे सव्वा वर्ष. शिवाय तो रस्ता. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, संध्याकाळच्या गर्दीत, मागे दमलेली मुलगी. ती घरी साडेनऊला पोचणार, मग जेवण, मग अभ्यास. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि स्नायू सावरतात ते झोपेतच. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

आता त्या सवलतीचं बघा. 96,000 ला 9,500 नं भागलं तर दहा महिने आणि थोडे दिवस येतात. म्हणजे वर्षात दोन महिने जरी तिचं जाणं झालं नाही, तर सवलत संपली. आणि ते दोन महिने जाणारच. वार्षिक परीक्षा आहे, दिवाळी आहे, पुढे दहावी आहे. स्पर्धांच्या दिवसांत तर जाणता प्रशिक्षक स्वतःच हा व्यायाम आठवड्यातून एक-दोन दिवसांवर आणतो, नाहीतर पोरगी सामन्याला जड पायांनी उतरते. माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही एका ठिकाणी वर्षाचे पैसे भरले होते. ज्यांच्यावर विश्वास ठेवून भरले ते प्रशिक्षक चौथ्या महिन्यात सोडून गेले. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, आणि मुलगा पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्या वेळची त्याची हिरमुसलेली नजर मला अजून आठवते, म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय.

‘बिनव्याजी’ हप्त्यांचा विचारही नको. ते बहुतेकदा एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. प्रक्रिया शुल्क वेगळं लागतं, आणि उद्या केंद्र बंद पडलं तरी हप्ते तुम्हालाच भरावे लागतात.

एफडी का नको? हप्ता, घरखर्च आणि शाळा मिळून महिन्याला तुम्हाला 58,000 लागतातच. 2,25,000 म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची सोय. 96,000 काढले की ती सव्वादोन महिन्यांवर येते, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड. ज्या घरात खेळाडू आहे, त्या घरात तर ही रक्कम जास्तच लागते. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर विमा रुग्णालयाचं बिल भरेल, पण पुढचे कित्येक महिने चालणारी फिजिओथेरपी बहुतेक पॉलिसींत बसत नाही. तुमची पॉलिसी काढून वाचा. साहसी खेळांबद्दलचं जे कलम असतं ते अशा खेळांत व्यावसायिक म्हणून उतरणाऱ्यांसाठी असतं, शाळकरी खो-खोला त्याची भीती नाही. बाह्यरुग्ण उपचारांचं, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं, मात्र काय लिहिलंय ते पाहाच.

सुकन्या थांबवू नका. आत्ता तिथं 8.2 टक्के व्याज मिळतंय. मुलगी दहावी पास झाली किंवा 18 वर्षांची झाली, जे आधी होईल तेव्हा, उच्च शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येते. ट्रेनिंगच्या फीसाठी ते खातं नाही. आता हात आखडला तर अकरावी-बारावीनंतर नेमकी तीच रक्कम अपुरी पडेल.

तुमच्या यजमानांनी लिहिलंय, की राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. आरक्षण आहे, खरं आहे. पण त्यासाठी ठरवून दिलेल्या पातळीवरचं यश लागतं, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. नोकरीच्या आशेवर खर्च मांडू नका, पोरीच्या खांद्यावर ते ओझं नको. प्रमाणपत्रं मात्र एकूण एक जपून ठेवा, दहावीच्या क्रीडागुणांसाठीही ती लागतील.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आता डिसेंबर आहे. एप्रिलपर्यंत पाच महिने, दरमहा 6,000 वेगळे काढा. 30,000 जमतील. तोवर क्लबच्या सरांना विनंती करा, की सरावाआधी 20 मिनिटं ‘फिफा 11 प्लस’ हा वॉर्मअप सगळ्याच मुलींकडून करून घ्या. तो फुटबॉलसाठी तयार केलेला असला तरी एका पायावर तोल, उडी मारून टेकणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, हे सगळं खो-खोलाही लागतं. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर याचा अभ्यास झाला, तेव्हा एकूण दुखापती जवळपास एक-तृतीयांशानं कमी दिसल्या. त्याला पैसे लागत नाहीत.

परीक्षा संपली की मे ते जुलै असे तीन महिने, महिन्याचे पैसे महिन्याला देऊन, प्रशिक्षकाकडे पाठवा. बाणेरच्या दरानंही 28,500 होतात. आठवड्यातून दोनच दिवस पुरेत, आणि दोन दिवसांचा दर मागायला संकोच करू नका. त्याआधी सिंहगड रस्त्यावर, सहकारनगरात, सणस मैदानाच्या परिसरात चौकशी करा. तिथं गेल्यावर फोटोंच्या भिंतीकडे बघू नका. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती मुलं, ते विचारा. सहापेक्षा जास्त असतील तर माझं मन तयार होणार नाही. शारीरिक शिक्षणातली पदवी किंवा एनएससीएचं ‘सीएससीएस’ प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. आणि त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते लक्षात ठेवा. तिच्या सामन्यांचं वेळापत्रक, जुन्या दुखापती, पाळी नियमित आहे का, हे न विचारताच जो तक्ता हातात देतो, त्याच्याकडे ठेवू नका.

पावडर पूर्ण बंद. 14 वर्षांच्या मुलीला दोन अंडी, दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे, रोजची डाळ आणि मोडाची उसळ पुरते. त्याऐवजी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. पाळी लांबायला लागली किंवा थांबली तर खेळामुळे होतं असं म्हणून सोडून देऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पुरेसं न खाता भरपूर खेळणाऱ्या मुलींमध्ये हे होतं आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो.

मे ते जुलै तुमचे दरमहाचे 6,000 सुरूच राहिले तर आणखी 18,000 जमतात. त्यातून चांगले बूट, गरज पडली तर फिजिओ आणि पावसाळ्यानंतरच्या स्पर्धांचा प्रवास निघेल. जुलैअखेर त्या प्रशिक्षकाकडून तिची नोंदवही मागा, मे महिन्यात ती किती उंच उडत होती, किती वेगानं पळत होती आणि आता काय. फरक दिसला तर दहावीच्या वर्षात आठवड्यातून एक दिवस चालू ठेवायचा का, ते तिच्याशी बोलून ठरवा. तेव्हा मला पुन्हा लिहा, आकडे मांडून देईन.