शिकवणारीची मजुरी कोण देणार?

प्रश्न : आमचा १२ जणींचा बचत गट बेदाणा निवडून, प्रतवारी करून बॉक्स भरून देतो. मजुरी किलोवर. हंगामाच्या तोंडावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रंही मिळाली. तरी नव्या पाच जणींचा माल परत येतो, आणि आमची एक जाणती बाई आजारी पडली की कामच थांबतं. काय चुकतंय?
– एक भगिनी, तासगाव तालुका (जि. सांगली)

उत्तर : ताई, घोळ मजुरीच्या हिशेबात आहे. जाणती बाई शेजारणीला शिकवत बसली की तिचे स्वतःचे किलो बुडतात. शिकणारीलाही घाई, कारण हात हळू चालला की पैसे कमी. म्हणून नव्या बाईला पहिले सहा दिवस किलोवर न ठेवता रोजावर ठेवा. शिकवणारीला तेवढ्या तासांचे तिच्या नेहमीच्या सरासरीइतके पैसे गटाच्या खात्यातून द्या. एवढं होणार नसेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मग भिंतीवर एक तक्ता लावा. उभ्या रांगेत १२ नावं, आडव्या रांगेत कामं : काड्या काढणं, प्रतवारी, वजन, बॉक्स भरणं, वही लिहिणं, व्यापाऱ्याशी बोलणं. प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. काम नुसतं पाहिलंय तर एक भाग रंगवा, हाताखाली करते तर दोन, एकटी करते तर तीन, दुसरीला शिकवते तर चार. ज्या कामाखाली तीन भाग रंगलेल्या निदान दोघी नाहीत, ते काम कधीही अडणार. तुमच्याकडे बहुधा वही आणि व्यापारी हेच रकाने कोरे निघतील. बाई आजारी पडली की १२ घरांची मजुरी थांबते ती तिथंच.

वर्गात बसवून हाताला काम येत नाही. जाणतीनं एक ताट बोलत बोलत निवडावं : ‘ही काडी राहिली, हा चिरडला, हा डागी.’ दुसरं ताट नवीनं निवडावं आणि प्रत्येक वेळी कारण तिनंच सांगावं. कारण सांगता येत नसेल तर ती नुसती नक्कल करतेय. सहाव्या दिवशी १०० बेदाण्यांत २० खराब मिसळून द्या. किती खराब सुटले ते मोजा आणि किती चांगले फेकले तेही मोजा. दुसरी चूक कुणी मोजत नाही, कारण ती काटेकोरपणासारखी दिसते.

आणखी एक. प्रतवारीचा नमुना म्हणून काचेची बरणी खिडकीत ठेवली असेल तर ती आधी उचला. हिरवा बेदाणा उजेडात आणि उकाड्यात तपकिरी पडतो. नमुना काळवंडला की त्याच्याकडे बघून निवडणाऱ्या सगळ्यांची नजर बिघडते आणि बोलणी नव्या पोरी खातात. बरणी बंद कपाटात ठेवा, दर पंधरवड्याला नमुना बदला.

प्रश्न : आयटीआय झालोय. एक कारखाना ‘ट्रेनी’ म्हणून वर्षभर घेतो म्हणतोय. ही शिकाऊ उमेदवारी धरायची का?
– एक वाचक, कराड

उत्तर : करार पाहिल्याशिवाय नाही. ‘ट्रेनी’ हा नुसता शब्द आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची उमेदवारी असेल तर करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असतो, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावेच लागतात, तेव्हा विचारताना भीड नको. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर तिथं फक्त स्वस्तातला मजूर हवाय असं समजा. ‘कमवा आणि शिका’ ही गोष्ट सातारकरांना नवी नाही, पण त्यात शिकणंही असतं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा : मला कोणत्या मशीनवर, कोण शिकवणार?